मी साधू झालो तो मार्गशीर्ष

“बाबा, पाय जरा खाली सोडा,” असं म्हणत चौगुल्यांची सून माझ्या खाटेशी वाकली, तेव्हा मला वाटलं, हिचं काहीतरी खाटेखाली गेलंय. मी पाय उचलून वर घेतले. ती तशीच वाकून राहिली. मग तिनं खाटेच्या कडेलाच कपाळ टेकलं आणि तांब्या माझ्यापुढं धरला.

“म्हस दूध चोरतीया. ह्या पाण्याला तुमचा हात लागू दे, तिला पाजवते.”

मी तांब्यात बोटं बुडवली. नाही म्हणायला तोंड उघडावं लागलं असतं, आणि त्या दिवसांत तोंड उघडणं मला भरलेली मोट ओढण्याइतकं जड झालं होतं. पाणी गार होतं, एवढं कळलं. तेही दुसऱ्याच कुणाच्या बोटांना कळावं, तसं लांबून.

दारात तात्या सूर्यवंशी उभा होता. माझा बालमित्र आणि दत्ताच्या देवळाचा मुख्य पंच. त्याच्या हातात नेहमीचा अडकित्ता होता, मोराच्या मानेचा, पितळी, आजोबांच्या वेळचा. सुपारी कातरल्याशिवाय तात्याला विचार करता येत नसे आणि बोलता तर मुळीच येत नसे. झोपेतसुद्धा ह्याची बोटं कातरत असतील, अशी आम्ही त्याची थट्टा करायचो.

“बघा वहिनी,” कातरलेली खांडं तळहातावर घेत तो माझ्या बायकोला, अनसूयेला, म्हणाला. “मी म्हणत नव्हतो? जन्मभर कारखान्याच्या वजनकाट्यावर उसाच्या गाड्या मोजल्या ह्या माणसानं. आणि आता सगळं वजनच टाकून बसलाय. दिगू आतून सुटला.”

अनसूयेनं पदरानं खाटेची कड पुसली, जिथं त्या सुनेनं कपाळ टेकलं होतं.

सुटलो होतो हे खरं. पण कुठून आणि कसा, ते मलाही ठाऊक नव्हतं.

पावसाळा सरता सरता कधीतरी ते सुरू झालं. आधी झोप गेली. मग भूक गेली. मग कृष्णेच्या पलीकडच्या गुऱ्हाळांचा वास गेला. दरवर्षी थंडी पडली की तो गोडसर, धुरकट वास धुक्याबरोबर आमच्या आळीत उतरायचा, आणि लहानपणापासून त्या वासानं माझ्या तोंडाला पाणी सुटायचं. त्या वर्षी धुकं आलं, वास आला नाही. लोक बोलायचे ते पैलतीरावरून बोलल्यासारखं वाटायचं. त्यांचे ओठ आधी हलायचे, शब्द मागाहून पाण्यावरून तरंगत यायचे, आणि ते माझ्यापर्यंत पोचेतो मला उत्तराचा कंटाळा आलेला असायचा. मी पाण्याखाली बसलोय आणि वर कुठंतरी माझं घर चाललंय, असे ते दिवस. रडू येत नव्हतं. दुःख झालं असतं तर बरं झालं असतं, असं वाटायचं.

गावातल्या डॉक्टरांनी नाडी पाहिली, वय झालं म्हणाले, टॉनिक दिलं. हुबळीहून लेक फोनवर म्हणाली, “बाबा थकलेत गं आई, त्यांना आराम करू दे.” मी आराम करत होतो. मला तेवढंच येत होतं.

मग मी वस्तू देत सुटलो. घड्याळ पेटीवाल्या गुरवाला दिलं. काश्मिरी शाल देवळाच्या पुजाऱ्याला दिली. आणि झांज तात्याला दिली.

झांजेचं सांगायला हवं. आमच्याकडे दत्तजयंतीला कीर्तनाचा उत्सव असतो. बुवा नारदाच्या गादीवर उभे राहिले की मागं पेटी, तबला आणि झांज. ती झांज उभ्या जन्मात माझी. कीर्तन हा माझा जीव. पूर्वरंगात बुवा एखादा अभंग सोडवून सांगत असले की मला गोठ्यात बांधलेल्या वासराचं दावं कुणी हळूच सोडतंय, असं वाटायचं. आणि नामाचा गजर वर चढला की हात माझे राहायचे नाहीत. त्या हातांनी मी झांज फडक्यात गुंडाळली आणि तात्याच्या पुढ्यात ठेवली.

“ही तुझ्याकडे असू दे.”

तात्याचा अडकित्ता थांबला. मग त्याचे डोळे भरून आले. “दिगू, ज्याच्यावर एवढा जीव, तेही सोडलंस,” तो म्हणाला, आणि त्यानं माझे पाय धरले. त्या दिवसापासून मी गावात साधू झालो.

म्हशीनं दूध दिलं, हे पुढं आलंच.

त्या वर्षी उत्सवाला रत्नागिरीकडच्या मंदाकिनीबाई आठल्ये यायच्या होत्या. कीर्तनकार बाईमाणूस असलं की उतरायची सोय आमच्याकडे, हा रिवाज. मंदाताई आल्या त्या धुक्यातूनच आल्या. हातात पत्र्याची पेटी, खांद्यावर शबनम, नऊवारी, आणि आवाज असा की ओसरीवरच्या पायरीनंही मान वर करून पाहावं.

“दिगंबरराव कोण? तुमच्या झांजेचं मी सांगलीत ऐकलंय. मला द्रुत गजर लागतो बरं का. हात दुखले म्हणून तक्रार करायची नाही.”

मी त्यांच्याकडे पाहिलं. अनसूया घाईनं म्हणाली, “त्यांनी सोडलंय ताई. सगळंच सोडत चाललेत. विरक्ती आलीय त्यांना.”

“अस्सं,” मंदाताई म्हणाल्या. त्यांनी पेटी खाली ठेवली आणि माझ्या तोंडाकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. “कधीपासून?”

उत्सवात तात्या मला अगदी पुढं, गादीच्या उजव्या हाताला बसवायचा. लोक आधी देवाला नमस्कार करायचे, मग मला. मंदाताई उभ्या राहिल्या की देऊळ भरून जायचं. त्या हसवायच्या, दटावायच्या, मधूनच गिरकी घेऊन चिपळ्या वाजवायच्या. मला सगळं दिसत होतं, जसं काचेपलीकडचं दिसतं. एवढंच होतं की गजर सुरू झाला आणि सगळ्या देवळाचे हात वर गेले, तेव्हा माझे दोन हात मांडीवर पालथे पडलेले मी पाहिले. कुणाचे तरी विसरून राहिलेले. आणि मान वर केली तर मंदाताई गाता गाता त्याच हातांकडे पाहत होत्या.

त्याच सुमारास तात्यानं आपला बेत सांगितला. आमच्याकडे काल्याच्या दिवशी, पूर्वरंग संपून बुक्का लावायची वेळ झाली की, कीर्तनकाराच्या गळ्यातला हार गावातल्या एका वडीलधाऱ्याला घालतात. वर्षाचा मान तो. “यंदा हार दिगूला,” तात्या म्हणाला. “आणि बुक्का त्याच्या हातून. अख्खं गाव रांगेनं येईल.”

अनसूयेचा चेहरा उजळला. बऱ्याच दिवसांनी तिला असं पाहिलं. मी म्हणालो, “बरं.”

कारण मी मनाशी एक ठरवून टाकलं होतं. कृष्णा आमच्या घरामागूनच वाहते. काला झाला, गावाचा उत्सव निर्विघ्न पार पडला, की धुक्यातच उतरून जायचं. त्या विचाराची भीती वाटत नव्हती, हेच त्याचं वाईट. तो विचार मऊ होता. कुणी अंथरूण घालून ठेवावं आणि आपण फक्त पाठ टेकावी, इतका मऊ. लोक समाधी म्हणतील, अनसूयेला कुणी बोल लावणार नाही, असाही हिशेब मी करून ठेवला होता. हार मिळाला तर ते अधिकच सोपं होणार होतं.

काल्याच्या आदल्या दिवशी दुपारी, जेवणं झाल्यावर, मंदाताई मागच्या पडवीत माझ्याजवळ येऊन बसल्या. अनसूया थोडी पलीकडे सुपात काल्याच्या लाह्या निवडत होती. नदीवर ऊन पडलं होतं आणि त्या उन्हातही धुक्याचा एक पातळ पदर अजून पाण्याला चिकटून होता.

“दिगंबरराव, आज पुरणपोळी कशी झाली होती?”

“बरी.”

“गूळ जास्त होता की कमी?”

मी बोटांकडे पाहिलं.

“मी वहिनींना मुद्दाम तुमच्या पानात दुसरी वाढायला सांगितली. तुम्ही तीही खाल्लीत. पोस्टाच्या पेटीत पत्रं टाकावीत तशी.” त्या हसल्या नाहीत. “गोड नकोसं झालंय का तुम्हाला?”

“नाही.”

“मग?”

“गोड लागत नाही,” मी म्हणालो. एवढं लांब वाक्य मी कित्येक दिवसांत बोललो नव्हतो.

“हां.” त्यांनी मान हलवली. “मी आयुष्यभर गादीवर उभी राहून समोरची तोंडं वाचलीत. कोण पेंगतोय, कोणाच्या मनात घरची म्हैस आहे, कोण खरंच रडतोय, सगळं वरून दिसतं. विरक्त माणसं मी पाहिलीत दोन-चार. ती गजराला लहान पोरासारखी फुलतात. त्यांना गोड कळतं, आणि कळूनही ती ते बाजूला ठेवतात. तुम्ही काही सोडलेलं नाही, दिगंबरराव. तुम्हालाच सगळं सोडून गेलंय.”

सुपातल्या लाह्यांचा आवाज थांबला.

“पहाटे जाग केव्हा येते?”

“कोंबड्याच्या आधी.”

“आणि तेव्हा कसं वाटतं?”

“छातीवर जातं ठेवल्यासारखं.”

“दिवस कलायला लागला की ते जरा हलकं होतं?”

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या आल्यापासून पहिल्यांदाच नीट पाहिलं असेन. कपाळावर आडवं गंध, नाकात मोरणी, आणि डोळ्यांत असं काही की ह्या बाईंनी ते जातं स्वतः उचलून पाहिलंय. “हो,” मी म्हणालो. “तुम्हाला कसं कळलं?”

“सांगते. आधी आणखी एक विचारते, ते मला खरं सांगा. शाल दिलीत, घड्याळ दिलंत, झांज दिलीत. जीव द्यावा असं मनात येतं का?”

इतकं सरळ कुणी विचारलं नव्हतं. गावानं मला दुधाबद्दल विचारलं, पावसाबद्दल विचारलं, नातवाच्या नोकरीबद्दल विचारलं, हे कुणी विचारलं नाही. नदीकडून एक बगळा उडाला आणि फार सावकाश पलीकडे गेला.

“हो,” मी म्हणालो.

“काही ठरवलंय?”

“काला झाला की.”

“अहो,” अनसूया म्हणाली. फक्त तेवढंच. सूप तिच्या मांडीवरून घसरलं आणि लाह्या सगळ्या पडवीभर पांढऱ्या झाल्या.

मंदाताईंनी माझा हात धरला, आणि बोलल्या मात्र अनसूयेशी. “वहिनी, हे मी पोटात ठेवणार नाही आणि तुम्हीही ठेवायचं नाही. आता यांना घटकाभरही एकटं सोडायचं नाही. नदीवर तर मुळीच नाही. काला सकाळचा आहे, दुपारच्या गाडीनं आपण तिघं मिरजेला जाऊ. माझ्या ओळखीच्या डॉक्टर आहेत, शेंडुरेबाई. मनाच्या आजाराच्या.”

“वेड्यांच्या?” अनसूयेचा आवाज फुटला.

मंदाताईंनी शबनम पुढं ओढली. चिपळ्यांच्या खाली हात घालून गोळ्यांची एक पट्टी काढली आणि ती माझ्या मांडीवर ठेवली. “ही मी रोज घेते. जेवण झालं की एक. कीर्तन अगदी भरात असताना मला हे झालं होतं. गादीवर उभी राहायची, शब्द सगळे पाठ, आणि आतमध्ये कुणी नाही. लोक म्हणाले, मूलबाळ नाही म्हणून झालं. लोकांना कारण लागतं. मी आता वेडी दिसते का, वहिनी?”

अनसूयेनं डोळे पुसले. “मला कळत होतं हो, काहीतरी बिनसलंय. रात्र रात्र जागी असायचे मी यांच्या शेजारी. पण गावाकडे दोनच नावं होती ह्याला. एक वेडाचं. मग मी दुसरं धरून बसले. त्याच्या तरी पाया पडत होते लोक.”

मला तिची कीव आली. कीव आली हेच नवल होतं. काचेला कुठंतरी बारीकशी चीर गेल्यासारखं वाटलं.

“आणि देव?” मी विचारलं. “मला वाटलं, भक्तीत खोट आली. नाव घेतो तरी काही होत नाही.”

“मोतीबिंदू झाला होता ना तुम्हाला?”

“झाला होता.”

“तेव्हा भक्ती कमी पडली म्हणालात की डोळा कापून घेतलात?” मग त्यांचा सूर निवला. “नाव घेत राहा. पोचत नाही असं वाटलं तरी घ्या. आपल्याला ऐकू येत नाही म्हणून समोरचाही बहिरा असतो असं नाही. आणि गोळीही घ्या.”

जरा वेळानं त्या म्हणाल्या, “उद्याचा तो हार मात्र मला अडचणीचा आहे. तो मी घातला तर तुमच्या आजारावर गावाचा शिक्का बसेल. मग साधूला डॉक्टरकडे नेतो म्हटलं की हे तात्या आडवे पडतील. पण न घालून मी काय सांगू? तुमचं तुमच्यापाशी राहावं, असंही वाटतं मला.”

मी खूप वेळ नदीकडे पाहत होतो. मला उठून काही करण्याचं बळ नव्हतं, पण दुसऱ्याला करू देण्याएवढं होतं. “माझं नाव घेऊन सांगा,” मी म्हणालो. “माझ्यानं सांगवणार नाही.”

काल्याच्या सकाळी देऊळ नदीच्या धुक्यात अर्धं बुडालं होतं. हंडी बांधलेली, दही-लाह्यांचा वास असेल, मला नव्हता. पूर्वरंग संपला. बुक्क्याची वाटी आली. तात्यानं उभं राहून माझ्याबद्दल चार वाक्यं सांगितली, त्यातलं म्हशीचं वाक्य लोकांना फार आवडलं. मग मंदाताईंनी आपल्या गळ्यातला झेंडूचा हार काढला आणि तो दोन्ही हातांत धरून माझ्यासमोर आल्या. मी बसलेलो, त्या उभ्या. हार माझ्या कपाळापाशी लोंबत राहिला.

“हा हार मी आज यांना घालणार नाही,” त्या गादीवरच्याच आवाजात म्हणाल्या.

पेटी थांबली.

“माझ्यावर रागावू नका. तुम्ही प्रेमानं चुकलात. दिगंबरराव आजारी आहेत. यांची झोप गेली, चव गेली, बोलणं गेलं, आणि आपण म्हणालो, वैराग्य आलं. म्हातारं माणूस गप्प झालं की आपल्याला बरंच वाटतं, नाही का? त्रास देत नाही. पण हा आजार आहे, त्याला औषध आहे, आणि ते औषध मीही घेते. घेते म्हणून तर आज तुमच्यापुढं नाचले. हार देवापाशी ठेवते. दिगंबरराव मिरजेहून बरे होऊन येतील, ह्या जागेवर बसून झांज वाजवतील, तेव्हा जो कीर्तनकार इथं उभा असेल त्यानं तो घालावा.”

देवळात असली शांतता मी कधी ऐकली नव्हती. मग मागून तात्याचा आवाज आला, “ताई, आमच्या साधूला तुम्ही दवाखान्यात घालणार? कोण नेणार त्याला?”

बायकांच्या बाजूनं अनसूया उठली. जन्मात चारचौघांत बोलली नव्हती ती. डोक्यावरचा पदर सारखा करत म्हणाली, “मी नेणार. माझा नवरा आहे, भाऊजी. साधू नंतर झाला.”

कुणीतरी हसलं. मग बरेच हसले, आणि त्या हसण्यानं ती शांतता मोडली. मंदाताईंनी चिपळ्या उचलल्या. मीच काय तो हसलो नाही. पण माझ्या गालावरून काहीतरी खाली येत होतं, आणि ते गरम आहे हे मला कळत होतं.

शेंडुरे डॉक्टर तरुण होत्या, शांत होत्या. त्यांनी रक्त तपासलं, विचारलं ते सगळं मंदाताईंनीच आधी विचारून झालं होतं, त्यामुळं उत्तरं मला पाठ होती. “काका, हे म्हातारपण नाही,” त्या म्हणाल्या. “म्हातारपणावर माझ्याकडे गोळी नाही. ह्याच्यावर आहे. पण ती सावकाश चालते. पहिले काही आठवडे वाटेल, काहीच होत नाहीये. तेव्हा सोडायची नाही. बोलायला मात्र माझ्याकडे येत राहायचं.”

खरंच काही होत नव्हतं. तोंड कोरडं पडायचं, बाकी धुकं तसंच. अनसूया सावलीसारखी मागं असायची. नदीकडच्या दाराला तिनं कुलूप लावलं होतं आणि किल्ली मंगळसूत्रात ओवली होती. गावातले लोक यायचे बंद झाले. चौगुल्यांच्या सुनेनं एकदा दारातूनच विचारलं, “बरं हाय का आता?” मी म्हणालो, “म्हैस कशी आहे?” ती चपापली, मग लाजून हसली.

संक्रांत होऊन गेली होती. मी जेवत होतो. अनसूया चुलीपाशी पाठमोरी भाकरी थापत होती.

“आमटीत मीठ जास्त झालंय,” मी म्हणालो.

तिचा हात परातीतच थांबला. ती वळली नाही. “काय म्हणालात?”

“मीठ. जरा जास्तच पडलंय.”

मग ती वळली. पिठाचे हात तसेच तोंडावर धरून माझी बायको हमसाहमशी रडायला लागली. लग्न झाल्यापासून मी तिच्या आमटीला शंभरदा नावं ठेवली असतील. त्या दिवशी ती उठली, वाटीभर आमटी आणखी वाढली आणि म्हणाली, “आणखी नावं ठेवा. सावकाश ठेवा. मी बसलेय.”

त्यानंतर एका सकाळी पलीकडून गुऱ्हाळाचा वास आला.

झांज परत मागायला मी तात्याकडे गेलो, तर ती त्याच्या देव्हाऱ्यात होती, हळदकुंकू लावून. तात्या सुपारी कातरत राहिला. “देवातली वस्तू अशी उचलून देता येत नाही,” तो म्हणाला. “साधूची आहे ती.”

“साधू वारला,” मी म्हणालो. “मी त्याचा वारस.”

तात्याचा अडकित्ता जरा वेळ हवेतच राहिला. मग तो इतका हसला की खांडं सांडली. झांज देताना मात्र म्हणाला, “दिगू, मला कळलं नाही रे. मला वाटलं, तुला काहीतरी मिळालंय.”

पुढच्या मार्गशीर्षात मंदाताईंनाच बोलावलं. देवापाशी ठेवलेल्या हाराचा तोवर नुसता दोरा आणि चुरा राहिला होता. गजर संपल्यावर त्यांनी तोच दोरा माझ्या गळ्यात घातला. माझे हात दुखत होते, आणि मी तक्रार केली नाही.

ह्याला आता बरीच वर्षं झाली. मंदाताई थकल्या, प्रवास करत नाहीत, फोनवर मात्र अजून दटावतात. माझी गोळी डॉक्टरांनी मध्ये बंद केली, मग पुन्हा लहानशी सुरू केली. ती मी प्रसादासारखी घेतो.

हे सगळं आज आठवायचं कारण, सकाळी तात्या आला होता. हल्ली तो फारसा येत नाही. वय झालं, घरचे म्हणतात. देवळातही मागं खांबाला टेकून बसतो. येऊन तो ओसरीवर बसला, बराच वेळ धुक्याकडे पाहत. काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं मला, आणि काय ते लक्षात यायला वेळ लागला. कातरण्याचा आवाज नव्हता.

मग त्यानं खिशातून अडकित्ता काढला आणि माझ्या मांडीवर ठेवला.

“तुझ्याकडे असू दे.”

“का रे?”

“सुपारीत काही राहिलं नाही आता.” तो हसला, पण हसू ओठांपुढं गेलं नाही. “पुरं झालं सगळं. वैराग्य म्हण हवं तर.”

पितळी मोर गार होता. मी तो हातात घेतला नाही.

“तात्या, पहाटे जाग केव्हा येते?”

नदीकडून गुऱ्हाळाचा वास येत होता, दाट, गोड. तो त्याला येत नव्हता, हे त्याच्या तोंडावर मला वाचता आलं. फार वेळानं, पलीकडच्या तीरावरून आल्यासारखा त्याचा आवाज आला.

“कोंबड्याच्या आधी.”

मग मी दुसरा प्रश्न विचारला. मंदाताईंनी पडवीत मला विचारला होता तोच, तितकाच सरळ. त्यानं मान हलवली, एकदाच, होकाराची.

“अगं,” मी आत हाक मारली, “माझी टोपी दे. आणि तात्याच्या घरी निरोप धाड, आम्ही मिरजेला निघालो म्हणावं.”

अनसूया दारात आली. तिनं त्याच्याकडे पाहिलं, माझ्या मांडीवरच्या अडकित्त्याकडे पाहिलं, आणि काही न विचारता स्वतःच्याही चपला पायात सरकवल्या.

मी तात्याचा हात उघडला, अडकित्ता त्यात ठेवला आणि त्याची बोटं एकेक करून त्यावर मिटवली.

“हा तुझ्यापाशीच ठेव,” मी म्हणालो. “परत येताना सुपारी घेऊ. कातरशील तू.”